प्रयोगशाळेत ब्रुसेला जंतू लागला, खातं म्हणतं ‘संबंध सिद्ध होत नाही’

काचपट्टी

नमस्कार. इतकी वर्षं इथं नुसती वाचनमात्र होते, आज स्वतःसाठी विचारतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं तंत्रज्ञ आहे. गाभ टाकलेल्या जनावरांचे नमुने आमच्याकडे येतात. असाच एक नमुना मागच्या वर्षी लावला. तिसऱ्या दिवशी प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी आल्या. यंत्रानं नाव दिलं मोराक्सेला. त्याला कुणी घाबरत नाही, म्हणून पुढच्या चाचण्या मी उघड्या टेबलावर केल्या. काचपट्टीवर कॉलनी घोळवली, पेरॉक्साइडचा थेंब टाकला, बुडबुडे फसफसले, नळी व्हॉर्टेक्सवर, म्हणजे ती गरागरा हलवणाऱ्या यंत्रावर, धरली. जंतू तोंडाकडे येऊ नयेत म्हणून हवा आत ओढणारं कॅबिनेट होतं, पण त्याच्या तपासणीच्या चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. आम्ही त्याच्या काचेला खालून टिश्यूची पट्टी चिकटवून ठेवली होती. हवा आत ओढली जात असेल तर पट्टी आत वळायला हवी. आमची बाहेर, आमच्याच तोंडाकडे फडफडायची. त्यावर हसायचो, आता नाही हसू येत.

वीस दिवसांनी संदर्भ प्रयोगशाळेचा निरोप आला: ब्रुसेला, जनावरांना गाभ टाकायला लावणारा आणि माणसालाही लागणारा जंतू. तो साहेबांना आला. मला कळलं त्यानंतर नऊ दिवसांनी, तेही रजिस्टरात लाल शाईची दुरुस्ती दिसली म्हणून. तोवर संध्याकाळचा ताप सुरू झाला होता. रात्री घामानं चादर पिळून काढावी अशी, आणि कंबर तर खुर्चीतून उठताना टेबलाला धरावं लागे. आधी व्हायरल म्हणाले, मग टायफॉइड. चौथ्या डॉक्टरांनी विचारलं, “बाई, काम काय करता?” रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहतात तसं) ब्रुसेला निघाला. सहा आठवडे डॉक्सी आणि रिफॅम्पिसिन ही अँटिबायोटिक्स, लघवी नारिंगी, तोंडाची चव गेलेली. चार महिन्यांनी सगळं पुन्हा उलटलं.

खात्याकडे अर्ज केला. एका ओळीचं उत्तर: “सदर आजार कार्यालयीन कामकाजामुळेच उद्भवल्याचे सिद्ध होत नाही.” रजा साध्या आजारपणाची धरली. तोंडी विचारलं ते वेगळंच: “कच्चं दूध पिता का?” ब्रुसेला त्यातूनही लागतो. मी पीत नाही. पण ते सिद्ध कसं करू? न प्यायलेल्या दुधाची पावती मिळते का?

भरपाई हवीच, पण त्याआधी कुणीतरी सही करून लिहावं की हा आजार या टेबलावरून आला. ते कसं मिळवायचं?

जुना इनचार्ज

ताई, आधी एक काम. बाकीचं नंतर वाचा. त्या नमुन्यातून वाढवलेला जंतूंचा साठा, म्हणजे कल्चर, उणे ८० च्या फ्रीजरमध्ये अजून आहे का, उद्याच्या उद्या पाहा. ‘जुना साठा नष्ट करणे’ या नावाखाली एक दिवस तो जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये जाईल आणि तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार संपेल. तुमच्या रक्तातला जंतू आणि नमुन्यातला जंतू यांचा जीनोम जुळवून पाहता येतो. दोन्ही एकच निघाले तर दुधाचा प्रश्न तिथंच मिटला. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेलाही त्यांचा कल्चर टाकू नका म्हणून लेखी कळवा. पुष्कळ ठिकाणी ते काही महिन्यांतच फेकतात.

आता तुमच्या चुकीबद्दल, जी तुमची नव्हती. ब्रुसेलाला मोराक्सेला म्हणणं ही या यंत्रांची जुनी खोड आहे. हळू वाढणारे बारीक, आखूड काडीसारखे जंतू (कोकोबॅसिलाय), युरिएज चाचणी झटकन पॉझिटिव्ह आणि नमुना गाभ टाकलेल्या जनावराचा, एवढं जुळलं की यंत्र काहीही म्हणो, प्लेट कॅबिनेटमध्ये गेलीच पाहिजे, असा लेखी नियम हवा. हवेतून दहा ते शंभर जंतू नाकात गेले तरी हा आजार पुरेसा धरतो.

माझ्या मते तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा त्या नऊ दिवसांचा आहे. असा संपर्क कळला की तीन आठवडे प्रतिबंधक औषध द्यायचं आणि पहिल्या दिवसापासून चोवीस आठवड्यांपर्यंत दर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं, ही रूढ पद्धत. तुम्हाला यातलं काही मिळालं नाही. निरोप आल्याचा ईमेल आणि ती लाल शाई, दोन्हीची प्रत काढा. नोकरीला लागताना तुमचं सीरम काढून ठेवलं होतं का? नसेल तर ‘आजार आधीपासूनच असेल’ असं म्हणायला ते मोकळे. पण ते न ठेवणं ही चूक त्यांचीच.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण जंतूंचं काम म्हटलं की जोखीम आलीच. मास्क लावला असता तर ही वेळ आली नसती. प्रत्येक आजाराला सरकार जबाबदार कसं?

काचपट्टी

@स्पष्टवक्ता, मास्क लावला होता. साधा सर्जिकल, तोच मिळायचा. एन-९५ ची मागणी केलेल्या पत्राची आवक नोंद माझ्याकडे आहे. जोखीम मी घेतली, मान्य. पण निरोप आल्यावर नऊ दिवस गप्प बसण्याची जोखीम मी घेतलेली नाही.

सहीशिक्का

मी कामगार संघटनेत दावे पाहतो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, म्हणून कलमं सांगत नाही, वाट सांगतो.

वाटा दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, व्यवसायजन्य आजाराची भरपाई. तिथं कुणाची चूक दाखवावी लागत नाही. काम आणि आजार यांची जोडी यादीत असली की बरंचसं काम झालं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४ च्या १२१ व्या कराराची यादी १९८० मध्ये सुधारली, तिच्यात संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून झालेले संसर्गजन्य आजार आहेत, आणि प्रयोगशाळेचं व पशुवैद्यकीय काम नावानिशी आहे. तुमच्या देशाच्या यादीत अशी नोंद आहे का, ते पाहा. असेल तर ‘सिद्ध होत नाही’ हे उत्तर उलटं आहे, संबंध नाही हे त्यांनी दाखवायचं. जून २०२५ मध्ये तर कामाच्या जागच्या जैविक धोक्यांवर वेगळा करारच झाला, क्रमांक १९२.

दुसरी वाट निष्काळजीपणाची. तिथं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातली जॅनेट पार्कर ही छायाचित्रकार देवीच्या रोगानं गेली. देवीची प्रयोगशाळा तिच्या खालच्या मजल्यावर होती. सरकारी चौकशीनं ठपका ठेवला, विद्यापीठावर खटलाही झाला, पण विषाणू नेमका कुठल्या वाटेनं वर गेला ते ठरेना आणि १९७९ मध्ये विद्यापीठ सुटलं. तरी तिच्या कामगार संघटनेनं लावून धरलेला भरपाईचा दावा १९८१ मध्ये तिच्या नवऱ्याला मिळाला. म्हणून म्हणतो, ‘नेमका कुठला थेंब उडाला’ या वादात शिरू नका. पहिली वाट आधी धरा. मुदत आजार झाल्यापासून मोजतात की निदान कळल्यापासून, तेवढं मात्र आजच पाहा. आणि त्या एका ओळीच्या उत्तराला लेखी विचारा: कुणी तपासलं, कुठल्या कागदांवरून?

काचपट्टी

आज आत जाऊन आले. फ्रीजरमधला तिसरा खण, डबा क्रमांक ७. कुपी आहे. माझ्याच अक्षरातलं लेबल, त्यावर अजून ‘मोराक्सेला?’ लिहिलेलं, प्रश्नचिन्हासकट. म्हणजे शंका मला तेव्हाच आली होती, मीच विसरले होते. फोटो काढलाय, फ्रीजर रजिस्टरच्या पानाचाही. जतन करण्याचं पत्र उद्या सकाळी आवक खिडकीवर देतेय, दोन प्रतींत.

@जुना इनचार्ज, रुग्णालयाचा कल्चरही अजून आहे म्हणाले. दोन्ही एकाच ठिकाणी पाठवायचे तर पाठवणारं कार्यालय माझंच आहे. त्यावर काही तोड?

जुना इनचार्ज

कुपी तुम्ही हातात घेऊ नका, साहेबांनाही एकट्यानं घेऊ देऊ नका. तिसऱ्या खात्याच्या माणसासमोर सील, त्याची सही. रुग्णालयानं त्यांचा थेट पाठवावा, तुमच्या कार्यालयामार्फत नाही. पत्राचा मसुदा व्यनि करा, रात्री पाहतो.