क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी
'रक्तातलं क्रिएटिनिन १.० आलंय, म्हणजे किडनी ठणठणीत' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. किडनीचं जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा नॉर्मलच दिसतं. अशा वेळी लघवीतल्या एन्झाइम्सचा विषय फारसा कुणी काढत नाही, म्हणून लिहितोय. एनएजी (एन-अ‍ॅसिटिल-ग्लुकोसामिनिडेज) हे एन्झाइम किडनीच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींमध्ये असतं. त्याचा रेणू इतका मोठा की रक्तातून गाळून लघवीत येऊच शकत नाही. त्यामुळे लघवीत ते वाढलं, की नलिकांच्या पेशींना इजा होतेय असं समजावं. जेंटामायसिन हे किडनीला इजा करू शकणारं अँटिबायोटिक चालू असलेल्या पेशंटमध्ये ते क्रिएटिनिनच्या आधी वाढू शकतं.

एमएस्सीला असताना ही टेस्ट मी हाताने केली आहे. लघवीचा नमुना सबस्ट्रेटबरोबर (एनएजी ज्याचं विघटन करतं ते रसायन) ३७ अंश सेल्सिअसवर ठेवायचा, शेवटी अल्कली घातली की क्षणात पिवळा रंग येतो. पण लघवीही पिवळीच! म्हणून प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक (लघवीचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठीची तुलनेची नळी) लावावाच लागतो, नाहीतर आकडा फुगतो. शिवाय पाणी कमी-जास्त प्यायल्याने फरक पडतो, म्हणून निकाल लघवीतल्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात काढतात. मात्र एनएजी वाढण्याचं नेमकं कारण ही टेस्ट सांगत नाही, ते डॉक्टरांनाच शोधावं लागतं.