पेंटरमामांचं चित्र कोणाच्या घरात आहे का?

लालमाती
यंदा चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीच्या, काठ्या उतरवायला भाऊ माळ्यावर चढला आणि त्याला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी मिळालं, आम्हाला वाटलं जुनं कॅलेंडर असेल, उघडून बघितलं तर पेंटरमामांचं चित्र. दीड बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड, एक कोपरा वाळवीने खाल्लेला, बाकी रंग अजून चकचकीत, कारण रंग कसला तर पाट्या रंगवून डब्यात उरलेला ऑइलपेंट. चित्र आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराचं. पुढे मडकी घेऊन बसलेली बाई, तिच्या डोक्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीची दोरी विजेच्या खांबाला बांधलेली, खांबावर तारांचं जंजाळ, आणि मागे आंब्याचं झाड. झाड लाल. पानंसुद्धा लाल.

माझी पुण्याची जाऊ बघून म्हणाली, अगंबाई, ऑटम किती सुंदर काढलाय! आता हिला काय सांगू. आमच्याकडे कसला ऑटम, ती खाणीची धूळ आहे. ज्यांनी खनिजाचे ट्रक धावताना डिचोली बघितलीय त्यांना माहीत आहे, पावसाचे चार महिने सोडले तर झाडं, कौलं, वाळत घातलेले कपडे सगळं तांबडं. मामांनी जे होतं ते काढलं.

आणि हेच लोकांना पटायचं नाही. लोकांना माड, होडी, सूर्यास्त हवा असायचा, पाहुण्यांच्या खोलीत लावायला. माझ्या वडिलांनी त्यांना म्हटलं होतं की मामा तो खांब तेवढा काढून टाका, तर म्हणाले, "खांब काढला तर तुझ्या घरात दिवा कसा पेटणार?" खांब राहिला आणि चित्र माळ्यावर गेलं, आईने भिंतीवर लावूच दिलं नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले हो. पाटीसारखेच चौरस फुटावर.

पाट्या, नंबरप्लेटी, नाटकांचे पडदे, चवथीला मूर्तींचे डोळे, असला सगळा धंदा. कधी प्रदर्शन नाही, कधी पेपरात नाव नाही. त्यांच्या घरच्यांना विचारलं, ते म्हणाले लिहा पण नाव नको, तेव्हा नाव लिहीत नाही आणि तुम्हीही लिहू नका, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. चित्र असेल, पाटी असेल, नुसती आठवण असेल तरी सांगा. दुसऱ्या गावच्या पेंटरबद्दल असेल तरी चालेल.

सोमवारचा बाजार
सांखळीहून. आमचा ट्रक होता, खनिज वाहायचा, सारमानसच्या धक्क्यावर खाली करायचा आणि तिथून बार्जनी मुरगावला जायचं. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर पप्पांना हंसांची जोडी हवी होती. मामांनी चार दिवस ट्रक ठेवून घेतला (चार दिवसांचा धंदा बुडाला हे पप्पा अजून बोलतात) आणि काढलं काय, तर धक्क्यावरची ट्रकांची लाइन. म्हणजे आमच्या मागे जो ट्रक उभा राहील त्याने लाइनीत उभं राहून लाइनीचंच चित्र बघायचं. ड्रायव्हर लोक हसून हसून मेले. पप्पांनी महिनाभर शिव्या घातल्या आणि नंतर फाळका बदलायची वेळ आली तेव्हा तेच चित्र परत काढून घेतलं. २०१२ ला खाणी बंद पडल्या, ट्रक दोन वर्षं अंगणात उभा राहून गंजला, शेवटी भंगारात दिला. फाळका काढून ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता वाईट वाटतं, पण तेव्हा बँकेचा हप्ता डोक्यावर होता, फाळक्याचं कोण बघतो.

पडद्यामागे
मामांबद्दल लिहायचं तर मला पडद्यावरच लिहावं लागेल कारण मी त्यांच्या हाताखाली दोन सुट्ट्या सरस ढवळलाय.

आमच्या गावात जत्रेला दोन रात्री मराठी नाटक, एक ऐतिहासिक आणि एक संगीत, सगळे कलाकार गावचेच. पडदे भाड्याने आणायचो फोंड्याहून, राजवाडा, जंगल, रस्ता. एका वर्षी मंडळाने ठरवलं की स्वतःचे करायचे आणि काम मामांना दिलं. मांजरपाट शिवून घेतला, देवळाच्या मंडपात जमिनीवर पसरून चारी बाजूंनी खिळे मारून ताणला, त्याच्यावर खडूची पावडर आणि सरस यांचा हात. सरस पातळ झाला तर रंग हाताला लागतो, जाड झाला तर पडदा गुंडाळताना तडे जातात, आणि तो शिजताना जो वास येतो तो सांगून कळणार नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. मग पावडरचे रंग, तेही सरसात कालवून, गरम असतानाच लावायचे. मामा अनवाणी पडद्यावर चालत काढायचे, लांब काठीला ब्रश बांधून. मधेच आंब्याच्या झाडावर चढून वरून बघायचे, उतरायचे, परत काठी.

राजवाडा आणि जंगल ठीक झालं, सगळ्यांसारखं. रस्ता काढला तो आमच्या गावचाच. म्हणजे देवळासमोरून फेरीबोटीकडे जाणारा. पोसरो (दुकान), त्याच्यापुढचं बाकडं, पोदेराची (पाववाल्याची) सायकल, विहिरीवरचा रहाट, सगळं. आता गंमत बघा, रंगमंच देवळासमोर असायचा आणि पडदा जिथे टांगायचा त्याच्या बरोबर मागे तोच रस्ता. अध्यक्ष भडकले. म्हणाले, पडदा वर केला तरी हेच दिसतं आणि खाली सोडला तरी हेच, मग मंडळाने पैसे कशाला मोजले? मामा म्हणाले, रात्री मागे काळोख असतो, काही दिसत नाही, म्हणून.

पहिल्याच वर्षी ऐतिहासिक नाटकात महाराज आग्र्याहून निसटून थेट आमच्या पोसऱ्यापुढे आले तेव्हा मंडपात जो हशा उठला! पोसरेकार स्वतः पहिल्या रांगेत होता, तो उठून ओरडला, महाराज, चा घेवपाची? त्यानंतर आठ-दहा वर्षं लोक त्या प्रवेशाची वाट बघायचे, नाटक कुठलंही असो.

तो पडदा अजून असेल. शोधतो.

नावेतली बाय
आमच्या वाड्यावरच्या हॉलची आतली भिंत त्यांनी रंगवली होती, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, भात कापणाऱ्या बायका आणि मानशीकडे, पाणी अडवायच्या दारापाशी, उभा असलेला माणूस. संस्थेचं नाव घेत नाही. एका वर्षी रिनोव्हेशनमध्ये पुट्टी मारून वर क्रीम कलर. आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं की ओल धरत होती. ओल अजून धरते.

फेरीबोट ८६
५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला. १९७० ला सुरू झालेला पूल, सोळा वर्षांत गेला. मी तेव्हा पणजीला कॉलेजात, रोज बेती ते पणजी फेरी, आणि त्या पावसात फेरीसाठी जी गर्दी लागायची ती ज्यांनी काढलीय त्यांनाच माहीत. मामा रंग आणायला पणजीला यायचे, दोनदा फेरीत भेटले. सगळे माना वळवून तुटलेल्या पुलाकडे बघत होते आणि हे उलट्या तोंडाने बसून माणसांकडे बघत चितारत होते, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने. मी वाकून बघितलं तर नुसत्या छत्र्या. मी म्हटलं मामा पूल काढा की, तर म्हणाले पुलाचे फोटो सगळ्यांकडे आहेत. ते पाकीट पुढे कुठे गेलं माहीत नाही, बहुतेक पावसातच गेलं.

वाळकिणी
मी दक्षिण गोव्यातली, तुमच्या मामांना ओळखत नाही, पण सांगू का? आम्ही मूळचे कुर्डीचे. साळावली धरणात गाव गेलं आणि आम्हाला इथे आणून वसवलं, मी तेव्हा तान्ही. आता मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, जोती, विहिरी, सोमेश्वराचं देऊळ, मग सगळे एक दिवस तिकडे जातात. गायिका मोगूबाई कुर्डीकर आमच्याच गावच्या, त्यांच्या घराचं जोतं पण दाखवतात. तर आमच्या वसाहतीत एक आजोबा होते, पेंटर नव्हेत, सुतार, त्यांनी आठवणीने घरं काढून द्यायला सुरुवात केली. कार्डबोर्डवर, शाळेच्या वॉटरकलरने. प्रत्येकाला स्वतःचं घर हवं. लोक शेजारी बसून सांगायचे, गोठा इकडे, फणस तिकडे, आणि भांडायचे! नवऱ्याला वेगळं आठवायचं, बायकोला वेगळं. आमच्या घरच्या चित्रात दोन तुळशी आहेत कारण आजी आणि आजोबांचं तुळस कुठे होती यावर जमलंच नाही, शेवटी सुतारबाबांनी दोन्ही काढल्या.

उन्हात कुर्डीला जाऊन आईने जोतं बघितलं. तुळशीची जागा तिसरीकडेच होती.

मळ्यातली
वरची दोन तुळशींची गोष्ट वाचून मी ऑफिसात हसले.

मला एक म्हणायचंय. आपण "कोणाला माहीत नसलेला" म्हणतो, पण माहीत असलेले तरी आपल्याला किती माहीत आहेत? आंतोनियो झेवियर त्रिंदाद सांगेचे, जन्म १८७०, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं, त्यांची मुलगी आंजेलासुद्धा मोठी चित्रकार. त्यांची चित्रं पणजीत फोंताइन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत लावलेली आहेत, मी तिथून दहा मिनिटांवर राहते आणि पहिल्यांदा गेले ते चाळिशीत, तेही बाहेर पाऊस होता म्हणून. दीनानाथ दलाल मडगावचे हे कितीजणांना ठाऊक आहे? दिवाळी अंकांवरची त्यांची मुखपृष्ठं अख्ख्या महाराष्ट्राने घरात ठेवली. आणि पोंबुर्फ्याचे वामोना नावेलकार, मोझांबिकहून पोर्तुगालला जाताना त्यांची चित्रांची बॅग हरवली ती कायमचीच. २०२१ ला गेले. त्यांचं नाव मी ऐकलं ते गेल्यावर.

आर्ट कॉलेज गोव्यात १९७२ ला आलं. मामांच्या वयाच्या माणसाला शिकायचं तर मुंबई गाठायची, नाहीतर पाट्या रंगवायच्या.

चवथ स्पेशल
खरं सांगू का, सगळे गोड गोड लिहितायत म्हणून. आमचा मूर्तीचा कारखाना होता, म्हणजे वडलांचा, चिकणमातीच्या मूर्ती, आणि डोळे काढायला मामा. चवथीच्या आदल्या रात्री अकरा वाजले तरी पत्ता नाही. चाळीस मूर्ती बिनडोळ्यांच्या पाटावर, गिऱ्हाईकं सकाळी पाचपासून येणार, वडील नुसते येरझाऱ्या घालताहेत. साडेबाराला आले, चहा मागितला, वर परत उसने पैसे मागितले. मागच्या वर्षीचे फेडले नव्हते, आणि ते शेवटपर्यंत फिटलेच नाहीत, माझ्या वडलांच्या वहीत आहेत. हं, पण पहाटे चारपर्यंत चाळीस मूर्तींचे डोळे झाले. कंदिलाजवळ मूर्ती मांडीवर घ्यायचे, श्वास धरायचे, भुवईची रेघ एकदाच, मग श्वास सोडायचे. मला काम एकच, ब्रश धुऊन टोक ओठाने सारखं करून हातात द्यायचं. काळ्या रंगाची चव अजून जिभेवर आहे.

काव
लाल झाडांबद्दल. त्यांचा तो लाल नेहमी डब्यातला नसायचा, निदान पडद्यांवर तरी नाही. एकदा विचारलं होतं, म्हणाले देवळाच्या भिंतीवर जी काव असते तीच. आपल्याकडची कावी कला बघितली असेल, मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहे, शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असतानाच कोरून खालचं पांढरं बाहेर काढायचं. मामांनी लहानपणी असल्या भिंतींची डागडुजी करणाऱ्या कोणाच्या हाताखाली दगड कुटले होते. तांबडा चिरा कुटून, वस्त्रगाळ करून. खाणीची धूळ रंगवायला खाणीचीच माती, फुकट पडली होती दारात.

लालमाती
बाई गं, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या चित्रातला लाल बघितला परत, तो ऑइलपेंटच आहे, पण झाडाच्या खालच्या बाजूला काहीतरी खरखरीत लागतं बोटाला. कदाचित मिसळलं असेल.

@चवथ स्पेशल, वहीतला आकडा किती? मामांच्या घरच्यांना कळवू की नको ते तुम्हीच सांगा.

@पडद्यामागे, पडद्याचं काय झालं?

चवथ स्पेशल
नको हो. वडील असते तर त्यांनीही मागितले नसते. आकडाही राहू दे.

पडद्यामागे
मिळाला! तीन दिवस लागले. मंडळाच्या खोलीत नव्हता, तिथे राजवाड्याचा अर्धा मिळाला, सरस उंदरांनी खाल्लेला, बाकी बुरशी. रस्ता मिळाला आमच्या चुलत आजीकडे. दर मे महिन्यात अंगणात कोकमाची सोलं वाळत घालायला खाली पसरते ती हाच पडदा. कापड चांगलं होतं, म्हणते. रंगाची बाजू खाली करते, सोलांना रंग लागू नये म्हणून, म्हणून तर वाचला.

आज खळ्यावर उलटा करून उलगडला. शेणाने सारवलेल्या जमिनीला घासून खालचा रस्ता जवळजवळ गेलाय, आणि वरून कोकमाचं आगळ (रस) झिरपून आकाशात जांभळे डाग, इतके की वळवाचा पाऊस येणार असं वाटतं, मला तर आवडलं. पोसरो आहे. बाकडं आहे. सायकलचं एकच चाक दिसतं. पोसऱ्याच्या खांबाला एक छोटी पाटी काढलीय, मला तेव्हा दिसली नव्हती, तिच्यावर "उधार बंद".

आजीचं म्हणणं, मामांनी चुकीचं काढलंय, विहीर रस्त्याच्या डाव्या अंगाला होती. मी म्हटलं उजव्या. शेजारची काकी आली, ती म्हणते विहीर दोन्हीकडे नव्हती, ती पोसऱ्याच्या मागे होती, बुजवली. आता विचारायचं कोणाला, पोसरेकार गेला.

आजी पडदा द्यायला तयार आहे पण सोलांसाठी दुसरं कापड आणून द्या म्हणते, तेवढंच जाड. बारा बाय वीसचा मांजरपाट आता कुठे मिळतो कोणाला माहीत आहे का? म्हापशात विचारलं, एवढ्या पन्ह्याचा नाही.