पडद्याचं ऑपरेशन झालंय, अण्णांना ऐकायला काय लावू?

हळदगाठ
नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. परवा मिरजेत अण्णांच्या उजव्या डोळ्याचं पडद्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, पण खरी परीक्षा आता सुरू झालीय. डॉक्टरांनी दहा दिवस पालथं झोपायला सांगितलंय. जेवण आणि बाथरूम सोडलं तर तोंड खाली म्हणजे खालीच. टीव्ही नाही, मोबाईल नाही, पेपर नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं काचेतून रस्ता बघितला आणि आता बघायला फरशी. कालपासून फरशीच्या भेगा मोजून झाल्या, आईशी दोनदा आणि माझ्याशी एकदा भांडून झालं. मी पुण्याहून सुट्टी टाकून आलेय, सुट्टी संपायच्या आत आमचं घर शाबूत राहावं एवढीच इच्छा आहे.

नुसतं कानांनी ऐकून मजा येईल असं काहीतरी सुचवा. गाणी, नाटक, सिनेमा, काहीही. दोन अटी आहेत. भक्तिगीतं नकोत ("मला अजून न्यायला आले नाहीत" असं म्हणाले). आणि पु.ल. सुचवू नका, ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

भडंगवाला
काळू-बाळू. विषय संपला. कवलापूर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपण जगभरचं शोधत बसतो. 'जहरी प्याला'तले ते दोघे हवालदार लावा. जुनं रेकॉर्डिंग आहे, आवाज थोडा खरखरतो, पण तमाशातला विनोद शब्दाचाच असतो. माझे चुलते दिसत नसताना ऐकायचे. तंबूच्या मागच्या बाजूला फुकट उभे राहायचे म्हणून.

मीही_पालथा
ताई, दोन वर्षांपूर्वी मी याच अवस्थेतून गेलोय. आधी सोय सांगतो, मग करमणूक. स्पीकर उशाशी ठेवू नका, पालथ्या माणसाच्या एकाच कानात जातं आणि मान दुखते. खाटेखाली, तोंडाच्या बरोबर खाली, फरशीवर ठेवा. आणि सगळं आधी डाऊनलोड करून ठेवा. फुकटच्या अॅपवर मी गीतरामायण लावलं होतं. सीता वनात निघाली आणि मधेच रमीची जाहिरात आली.

पालथं का झोपवतात हे अण्णांना नीट समजावून सांगा, म्हणजे चिडचिड कमी होईल. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असतो. बुडबुडा नेहमी वर जातो. तोंड खाली असलं की डोळ्याची मागची बाजू वर येते, तिथे तो पडद्याला दाबून धरतो. मला हे कळल्यावर मी निमूट पडून राहिलो. गाडीवाल्या माणसाला तर लगेच पटेल.

हळदगाठ
@मीही_पालथा, पटलं! "म्हणजे लेव्हल बॉटलसारखं" म्हणाले आणि गप्प पडले. स्पीकर खाटेखाली गेला.

तानपुरा_मिरज
मिरजेत ऑपरेशन झालंय तर मिरजेचंच औषध घ्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांच्या ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या आहेत, त्या काळच्या तबकडीवर तेवढंच मावायचं. त्यामुळे शास्त्रीय म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही. झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' पहिली लावा. १९३५च्या 'देवदास'मध्ये सैगलनं गायली तीच ठुमरी, पण खाँसाहेबांचा सूर ऐकल्यावर खोलीतला पंखा बंद करावासा वाटतो.

नंतर कधी दोन डोळे मोकळे झाले की 'द डिसायपल' दाखवा. चैतन्य ताम्हाणेचा, व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालेला. त्यात नायक रात्री मोटारसायकलवरून जाताना कानात त्याच्या गुरूंच्या गुरू असलेल्या माईंची व्याख्यानं ऐकत असतो. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे. नुसत्या आवाजातून माणूस कसा उभा राहतो ते बघण्यासारखं आहे.

भडंगवाला
अहो, पेशंट आहेत ते, विशारदला बसलेले नाहीत.

तानपुरा_मिरज
तीन मिनिटं म्हणालो मी. तेवढ्यात तुमचा भडंगसुद्धा संपत नाही.

कंदीपेढा
साताऱ्याची हजेरी लावतो. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे. 'जय जय महाराष्ट्र माझा' सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचं खरं काम 'महाराष्ट्राची लोकधारा'. गोंधळ, वासुदेव, कोळीगीतं, सगळं एका माळेत. आणि त्यांचा आवाज खुल्या मैदानातला, खाटेखालच्या स्पीकरमधूनही घर भरून टाकेल. २०२३ साली केदार शिंदेंनी त्यांच्यावर 'महाराष्ट्र शाहीर' हा सिनेमा काढला, तो डोळा बरा झाल्यावर बघा. त्यातलं मधुमासाचं गाणं रीलवर ऐकून विटलं असाल तरी बघा.

बरं वाटलं की सगळे इकडे या. पाचगणी-महाबळेश्वर करू, वाटेत मेणवलीचा घाट दाखवतो. 'स्वदेस'चं शूटिंग झालेला.

मीही_पालथा
थांबा थांबा. डोळ्यात वायू आहे तोवर महाबळेश्वर अजिबात नाही! विमान नाही आणि उंच घाटही नाही. वर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. डॉक्टर "वायू गेला" म्हणेपर्यंत सपाटीवरच राहायचं.

कंदीपेढा
बापरे. आमंत्रण मागे घेतो. पेढे पाठवतो.

हळदगाठ
दोन दिवसांचा अहवाल.

काळू-बाळू: पूर्ण यशस्वी. इतके हसले की मला भीती वाटली पडद्याची. पुढचा संवाद हे आधीच म्हणतात. पस्तीस वर्षांत मला माहीत नव्हतं की अण्णांना अख्खा वग पाठ आहे.

शाहीर साबळे: आवडले, पण दुपारी आई झोपल्यावर लावू नका असा वरून हुकूम आलाय.

खाँसाहेब: इथे गंमत झाली. मी घाबरतच लावलं. तीन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, परत लाव. पुढे कळलं ते असं की मिरज डेपोला असताना उरसाच्या वेळी दर्ग्यात गाण्याची बैठक असायची, आणि मुक्कामाची ड्यूटी पडली की हे आणि त्यांचे कंडक्टर भिंतीबाहेर चहा पीत रात्र काढायचे. "नाव कुणाचं माहीत नव्हतं, पण सूर असाच होता," म्हणाले. @तानपुरा_मिरज, एक भडंगाचं पाकीट तुम्हाला लागू.

नाट्यपंढरीकर
उशिरा आलो, पण एवढा वेळ सांगलीच्या धाग्यावर कुणी नाटकाचं नाव काढू नये? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथे केलं, म्हणून आपण ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, छाती फुगवून फिरतो. आणि ऐकायची वेळ आली की सगळे तमाशात!

हरिपूरच्या देवलांचं 'संशयकल्लोळ' लावा. फाल्गुनराव म्हणजे संशयी नवऱ्यांचा मुकुटमणी. सगळी भानगड बोलण्यातून होते, कोण कुठून आत आलं हे न दिसताही कळतं. जुन्या नटांच्या तोंडून ऐकलंत तर मधली पदं लांबतात, तेवढ्यात जेवण उरकता येतं. 'शारदा' मात्र आत्ता नको. पालथ्या माणसाला रडवू नये, नाक पुसता येत नाही.

वारणाकाठ
सिनेमा ऐकायचा असेल तर 'सामना'. १९७५, जब्बार पटेल, लेखन तेंडुलकरांचं. निळूभाऊंचा साखरसम्राट हिंदुराव आणि साताऱ्यात जन्मलेले डॉ. लागू मास्तर. दोघांच्या आवाजातच सगळा सामना आहे. एकाचा आवाज उसाच्या कांड्यासारखा आणि दुसऱ्याचा दारूत भिजूनही न विझलेला. मी तो पहिल्यांदा लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टरवर, टीव्हीचं चित्र गेलेलं असताना ऐकला होता. काहीही चुकलं नाही.

त्याच वळणावर 'पिंजरा', गाण्यांसाठी. संगीतकार राम कदम आपल्या मिरजेचे. त्यातल्या ढोलकीला चित्र लागत नाही.

वहिनी_विटा
मी एक सांगू? मालिका लावा की सरळ. मालिका आम्ही बायका नाहीतरी स्वयंपाकघरातून ऐकतच असतो. मी 'लागिरं झालं जी' संपूर्ण भाकरी थापत ऐकली, शीतल आणि अज्या कसे दिसतात ते नंतर कळलं. साताऱ्याकडची बोली आहे, कानाला गोड लागते.

नाट्यपंढरीकर
वहिनी, खरं बोललात. सध्याच्या मालिकांत एकाच चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा येतो, ते वगळलं तर वेळही वाचेल.

हळदगाठ
'सामना' ऐकला. ऐकला म्हणजे काय, अण्णा मधेच हिंदुरावाशी भांडत होते. नंतर अर्धा तास आमच्या भागातल्या कारखान्यांच्या राजकारणावर भाषण झालं, ते इथे लिहीत नाही.

'संशयकल्लोळ' आईला जास्त आवडलं. दाराशी तांदूळ निवडत बसून ऐकते आणि फाल्गुनरावाला शिव्या देते. अण्णा म्हणतात गाणी कमी असती तर वेळेत पोचलं असतं.

गीतरामायणाला अट आडवी आली, पण मी 'सेतू बांधा रे सागरी' गुपचूप लावलं. "हे भक्तिगीत नाही, हे बांधकाम खात्याचं आहे," असं म्हणून पास केलं. गदिमा माडगूळ्याचे म्हटल्यावर "आटपाडी मार्ग मी चार वर्षं केलाय" हेही ऐकून घेतलं.

अजून चार दिवस आहेत. साठा संपत आलाय. आणि आता ते म्हणतायत की सगळं बसून ऐकायचं झालं, जरा फिरायला जाऊ दे.

शिवशाही_नको_लालपरी
पहिल्यांदाच इथे लिहितोय. काका ड्रायव्हर होते ना? मग कुणी हे कसं सुचवलं नाही? आमच्यासारखी एसटीवेडी पोरं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून अख्खा प्रवास रेकॉर्ड करतात आणि टाकतात. गाणं नाही, निवेदन नाही, नुसतं इंजिन, घंटी, कंडक्टरचा आवाज, स्टँडवरची घोषणा. तास-दीड तासाचे भाग असतात. चित्र सोडून द्या, आवाज लावा. वाईहून पसरणी घाटानं वर चढणारी गाडी शोधा, हेडफोन असेल तर फार भारी.

भडंगवाला
असलं पण बघतात लोक?

शिवशाही_नको_लालपरी
बघत नाहीत. ऐकतात.

हळदगाठ
मंडळी, काय सांगू. सकाळी नऊला लावलं. पहिल्या दोन मिनिटांत गाडी कुठल्या बनावटीची ते सांगितलं. मग उजवा पाय खाटेवर हलायला लागला. "दुसरा टाक, दुसरा टाक... आता कशाला दाबतोस... नवीन पोरगं दिसतंय." एका वळणावर "हॉर्न दे की!" इतक्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून पळत आली.

मीही_पालथा, काळजी नको, डोळा सपाटीवरच आहे. बाकीचे अण्णा पसरणी चढतायत. आई दारात उभी राहून विचारतेय, गाडी जेवायला कुठे थांबणार.