नवा रीमास्टर ऐकून कान विटले, डॅक (डिजिटल फायलीचा आवाज करणारी डबी) बदलू का?

अर्धाकानसेन: जुन्या सीडीवरून काढलेला अल्बम फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारी फाइल) आहे. त्याचाच २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झचा रीमास्टर, म्हणजे नव्याने साधलेली आवृत्ती, घेतला. पहिलं गाणं भारी वाटलं, चौथ्यापर्यंत डोकं धरलं. झांजा चुरचुरतात, ड्रमचा ठोका लागतच नाही. लवकर सांगा, परत करायची मुदत उद्या संपतेय.

खरखर: मुदत कशाची, अल्बमची की डॅकची? ऐकताय कशावर?

जुनीसुई: एलपी घ्या. डिजिटलला ऊब नाही ती नाहीच.

फेडर: सुईकाका, एलपीवरही हाच मास्टर (प्रती काढायची अंतिम आवृत्ती) कापला तर ठोका तिथेही दबलेलाच. धागाकर्ते, दोन्ही फायली ऑडासिटीत (आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा.

अर्धाकानसेन: डॅकची. जुनीत डोंगर-दऱ्या दिसतात, नवी म्हणजे नुसती वीट!

फेडर: मग डॅक बिचारा निर्दोष. लिमिटरने शिखरं दाबून सगळाच आवाज वर उचललाय. १६ बिटलाच हळू ते मोठ्या आवाजासाठी सुमारे ९६ डेसिबलची जागा असते, २४ चं घर त्याहून मोठं, पण सगळे माळ्यावर चढून बसलेत. मोठा आवाज आधी बरा वाटतो, म्हणून पहिलं गाणं आवडलं. रिप्लेगेन लावून दोन्ही एका पातळीवर आणा, मग ऐका.

मिक्सवाला: स्पॉटिफायसाठी −१४ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) ठेवा, ट्रू पीक (सर्वांत उंच शिखर) −१.

खरखर: त्यांना गाणं चढवायचं नाहीये हो!

सोवळंकान: यूएसबी केबल कोणती?

जुनीसुई: सगळे रीमास्टर असेच.

फेडर: सगळे नाहीत. सुरुवातीच्या कित्येक सीड्या एलपीसाठी केलेल्या कॉपी टेपवरून निघाल्या. मूळ टेपवरून नीट केलेला रीमास्टर त्यांना मागे टाकतो.

खरखर: अवांतर: मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' आठवला. सीडीवर ठेचलेला, आणि गिटार हीरो या खेळात तीच गाणी बरीच मोकळी. पोरांनी खेळातून गाणी काढून ऐकली!

अर्धाकानसेन: रिप्लेगेन लावला. चुरचुर गेली! ठोका मात्र अजून दबलेलाच, जुनीच बरी वाटते. प्लेअरमध्ये बास +६ डेसिबल आहे, पण तो नेहमीच असतो.

फेडर: अहो, हे आधी सांगायचं ना! शून्याला, म्हणजे कमाल पातळीला, टेकलेल्या फायलीवर +६ म्हणजे क्लिपिंग, शिखरं छाटली जातात. जुनीत वर जागा होती म्हणून निभावलं. आता रिप्लेगेनने नवी खाली आली, म्हणून चुरचुर थांबली. दबलेला ठोका मात्र फायलीतच आहे, तो कशानेच परत येणार नाही.

अर्धाकानसेन: म्हणजे डॅक ठेवतो.

सोवळंकान: केबल कोणती ते राहिलंच.