कुंडीतल्या कॅक्टसला माती कुठली, ऊन किती?

कुंडीवेडी: कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, टेरेस पूर्वेला. नर्सरीतनं कॅक्टस आणलेत, त्यातला एक लाल डोक्याचा. गावाकडची काळी माती चालंल का? आणि आपल्याकडचा पाऊस बघता बाहेर ठेवू का आत?

गच्चीवाला: काळी माती अजिबात नको, पाणी धरून बसते, मुळं कुजतात. निम्म्याहून जास्त जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, परलाइट (पांढरे हलके, सच्छिद्र दाणे) असलं काहीतरी घाला, बाकी लाल माती न् थोडं गांडूळखत. वाळू चाळून घ्या, बारीक असली की सिमेंटगत बसते.

सुमनमावशी: लाल डोक्याचा म्हंजे कलम हाय बाई. वरच्या भागात हरितद्रव्यच नसतं, खालचा हिरवा दांडाच त्याला पोसतो, म्हणून त्याला सकाळचं कोवळं ऊन पुरे. बाकीच्यांना चार-सहा तास पाहिजेच, नाहीतर शेंड्याकडं फिकट आणि बारीक होऊन लांबत जातात. पण सावलीतनं उचलून थेट एप्रिलच्या उन्हात ठेवू नका, करपल्याचे डाग पडतात आणि ते जात नाहीत, हळूहळू सवय लावा.

गच्चीवाला: जून ते सप्टेंबर छपराखाली, पण उजेडात. पाणी माती पूर्ण सुकल्यावरच. नर्सरीवाला रोज घाला म्हणाला असंल तर लांबनं नमस्कार करा.

कुंडीवेडी: तसंच म्हणाला की ओ! बरं, भोक नसलेल्या सिरॅमिकच्या कुंड्या घेतल्यात, चालतील?

गच्चीवाला: पेनं ठेवा त्यात.