पीएचडीचा विषय: 'सिंधुदुर्ग किनारपट्टीचा शाश्वत विकास' – किती आवळायचा?

कर्लीकाठ
नमस्कार मंडळी. भूगोलात एम.ए. झालंय, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) ही. पुढे प्राध्यापकी आणि नियोजन-धोरणावरचं संशोधन करायचं आहे. वरचा विषय लिहून दिला तर मार्गदर्शकांनी 'यात प्रश्न कुठे आहे?' म्हणून परत केला. मालवणजवळची देवबाग-तारकर्ली ही किनाऱ्यावरची गावं मनात आहेत. विषय किती लहान करू आणि कुठल्या कागदापासून सुरुवात करू?

भरतीरेषा
मार्गदर्शकांचं बरोबर आहे. एक गाव, एक नियम, एक कालखंड, एवढ्यावर या. देवबाग उत्तम आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. बांधकामावरची बंधनं दोन्हीकडून मोजावी लागतात.

२०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार घनता दर चौ. किमीला २१६१ च्या वर असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र (नवं बांधकाम सहसा करता येत नाही असा पट्टा), नाहीतर २०० मीटर. खाडीकडे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. मात्र २०१९ प्रमाणे केलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर नसेल तर २०११ चेच नियम चालतात. तेव्हा पहिला कागद तो: आराखड्याचा नकाशा आणि त्याच्या मंजुरीचं पत्र.

आता प्रश्न बघा. घनता काढताना भागायला गावाचं कोणतं क्षेत्र घेतलं? पुळण (किनाऱ्याची वाळू) आणि खाजण (खाडीकाठची खारी दलदल) धरून की सोडून? एवढ्या एका आकड्याने २०० चे ५० मीटर होऊ शकतात. माझ्या मते प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण इथेच आहे.

गावनकाशा
दुसरं प्रकरण होमस्टेचं करा. स्थानिकांना राहत्या घरात होमस्टे चालवता येतो, पण घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही, अशी अट आहे. ही अट तपासण्याजोगी आहे, आणि तपासता येईल अशी अट धोरणाच्या अभ्यासात सोन्यासारखी.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणी नोंदवहीत, प्रत्येक घराचं मोजमाप असतं. जुन्या आणि चालू आकारणीतलं क्षेत्र समोरासमोर मांडा, मग टेप घेऊन प्रत्यक्ष जोतं मोजा. पडवी बंद करून खोली काढलेली असते ती कागदावर दिसत नाही, जागेवर गेल्यावरच दिसते. तिचा वेगळा रकाना ठेवा. मालकाला आधी स्पष्ट सांगा की नाव आणि घर क्रमांक प्रबंधात येणार नाही. ते न सांगता टेप काढलात तर दुसऱ्या दिवशी वाडीतलं एकही दार उघडणार नाही.

तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा. नमुना ८ मागायला गेलेली मुलं नेमकी तोच घेऊन परततात.

उधाण
किनारा किती सरकला हे उपग्रह चित्रांवरून काढणार असाल तर एक गोष्ट जपा. बहुतेक चुका इथेच होतात.

सेंटिनेल-२ या उपग्रहाचं चित्र आपल्याकडे साधारण अकराच्या सुमारास घेतलं जातं. आपल्या मच्छीमारांचा हिशोब आठवा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा (८ × ¾ = ६), म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला मात्र दुपारच्या सुमारासच भरती. म्हणजे अष्टमीचं चित्र ओहोटीजवळचं आणि अमावास्येचं भरतीजवळचं. दोन्ही शेजारी ठेवली की किनारा न हलताच धूप दिसते. पुळणीचा उतार ३० ला १ असेल आणि पाण्याच्या पातळीत १ मीटर फरक असेल, तर रेषा सरळ ३० मीटर सरकते. आणि ज्या ना-विकास पट्ट्याचा वाद आहे तो तर ५० मीटरचाच!

म्हणून तिथी जुळवा, महिनाही जुळवा. पावसाळ्यात वाळू ओढली जाते, नंतर परत येते. ऑक्टोबरची तुलना मे महिन्याशी करू नका. लँडसॅट उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका (पिक्सेल) ३० मीटरचा, सेंटिनेलचा १० मीटरचा, तेव्हा चूक किती हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. जिथे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा आहे तो भाग वेगळा काढा. तिथे रेषा बांधलेलीच असते, पुढची पुळण मात्र खचत जाते.

कर्लीकाठ
तिथीचं डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. प्रवेश आणि नोकरीच्या दृष्टीने काय पाहू?

भरतीरेषा
नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) नसेल तर पीएचडी प्रवेशाला नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि ते गुण निकालापासून एकच वर्ष चालतात. तारीख बघून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान ३ वर्षं, कमाल ६, कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं.

शोधनिबंध दोन पुरेत: एक मोजणीच्या पद्धतीवर, एक नियमाच्या अंमलबजावणीवर. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. पुढे हाच नियम दुसऱ्या खाडीवर लावून बघितलात की कामाला सलगता येते, आणि निवड समिती तीच शोधते. आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला तर तुमची मोजणी तिथे लेखी द्या, पोच घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. 'घनता अशी का धरली' असं विचारू नका. 'घनता ज्या तक्त्यावरून काढली त्याची प्रत द्यावी' असं लिहा.