पत्रिकेतला 29 अंशांचा गुरू: मेलेला की नुसता छापलेला?

बिंदूचौक (धागाकर्ते)

कोल्हापुरात आता स्थळाची पत्रिका व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्याबरोबर ग्रहांच्या अंशांचा तक्ता. पूर्वी लोक मंगळ आणि नाडी विचारायचे, आता "गुरू 29 अंशांवर आहे, मृत आहे म्हणे?" असं विचारतात. बऱ्यापैकी जमत आलेली बोलणी तिथं थांबतात.

हा 'मृत' येतो बालादी अवस्थांतून. राशीच्या 30 अंशांचे सहा-सहाचे पाच भाग करायचे: विषम राशीत बाल, कुमार, युवा, वृद्ध, मृत, सम राशीत हाच क्रम उलटा. मिथुनेतला 29 अंशांचा गुरू म्हणून मृत.

आता हाच नियम परमोच्च अंशांना, म्हणजे ज्या अंशावर ग्रह सर्वांत बलवान मानतात त्यांना, लावून बघा. गुरूचं परमोच्च कर्केत 5 अंशांवर. कर्क सम रास, म्हणजे पहिले सहा अंश मृत. चंद्राचं वृषभेत 3 अंशांवर, तोही मृत. मंगळ मकरेत 28 आणि शुक्र मीनेत 27, दोघंही बाल. रवी मेषेत 10, कुमार. शनी तुळेत 20, वृद्ध. सातांपैकी युवा अवस्थेत सापडतो एकटा बुध, कन्येत 15 अंशांवर. जो ग्रह एका नियमानं सर्वांत बलवान, तोच दुसऱ्यानं मेलेला. माझं मत असं की अंशावरून ग्रहाचं वय सांगणं बंद करावं. अंश गणितासाठी ठेवा.

शुद्ध_निरयन

तुम्ही दोन वेगळी मापं एकाच तराजूत घातलीत. उच्चबल हे षड्बलातल्या (ग्रहाच्या सहा प्रकारच्या बळांतल्या) स्थानबलाचा भाग आहे. परमनीचापासून (परमोच्चाच्या बरोबर समोरच्या अंशापासून) ग्रह जितका दूर, तितकं बल: 180 अंशांवर 60 षष्ट्यंश (हे बलाचं एकक), म्हणजे दर 3 अंशांना 1. अवस्था सांगते फळ किती पदरात पडेल. ताकदवान माणूस झोपलेला असू शकतो, त्यात विसंगती कसली? फक्त 'मृत' शब्द वाचून स्थळ मोडणाऱ्यांचा दोष शास्त्रावर टाकू नका.

आणि अंश काढून टाकले तर उरतं काय? विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्याच्या वर्षांची ग्रहांमधली वाटणी, पूर्णपणे चंद्राच्या अंशावर उभी आहे. चंद्र वृषभेत 15 अंशांवर धरा. रोहिणी 10 अंशांपासून 23 अंश 20 कलांपर्यंत (60 कलांचा एक अंश). उरलेलं नक्षत्र 8 अंश 20 कला, म्हणजे 800 पैकी 500 कला. रोहिणीचा स्वामी चंद्र, त्याच्या 10 वर्षांतली 6 वर्षं 3 महिने शिल्लक. राशीचं नाव घेऊन हे कुणी काढून दाखवावं.

गणिती_मास्तर

दोघंही जरा थांबा. अंश बरोबर की चूक हे नंतर, आधी तो कितपत पक्का आहे ते बघू.

कोल्हापूरचं रेखांश 74 अंश 14 कला. प्रमाणवेळ 82 अंश 30 कलांची. फरक 8 अंश 16 कला, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे स्थानिक वेळेसाठी घड्याळातून 33 मिनिटं 4 सेकंद वजा. हाताने लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास आणि तिचा अंश) काढताना पहिली चूक इथं होते. सॉफ्टवेअरमध्ये गाव सापडलं नाही म्हणून 'मुंबई' निवडली की साडेपाच मिनिटं गेली, वर अक्षांशाचा फरक निराळा. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गगनबावडा आणि गडहिंग्लज यांच्यातही दोन मिनिटं आहेत.

'लग्न 4 मिनिटांत एक अंश' हे सरासरीचं वाक्य. आपल्या अक्षांशावर मीन लग्न सुमारे 98 मिनिटांत संपतं, वृश्चिकेला जवळजवळ 132 लागतात. डिस्चार्ज कार्डावरची वेळ बहुतेकदा पाचाच्या पटीत असते. ती पाच मिनिटांनी चुकली तर मीन लग्न दीड अंशानं हलतं, वृश्चिक सव्वापेक्षाही कमी. मीन लग्नाचा नवांश (राशीचा नववा भाग) 11 मिनिटांत बदलतो. षष्ट्यंश (इथं राशीचा साठावा भाग) तर शंभर सेकंदही टिकत नाही. तो जो कोणी छापून देतो, त्याच्याकडे प्रसूतीचं स्टॉपवॉच असावं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पत्रिका करताना आणखी एक. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 घड्याळं एक तास पुढं होती. तो तास वजा केला नाही तर लग्न अर्ध्या राशीनं सरकतं.

पण हे सगळं लग्नाला लागू, आणि थोडं चंद्राला. चंद्र तासाला सुमारे 33 कला चालतो. गुरू दिवसालाच जेमतेम 14 कला, शनी त्याच्या निम्म्यानं. वेळ अर्धा तास चुकली तरी गुरूचे 29 अंश 29च राहतात.

पुरावा_दाखवा

म्हणजे त्या दिवशी जगात जन्मलेल्या झाडून सगळ्या पोरांचा गुरू मृत. बिचारी.

बिंदूचौक

मास्तर, गुरू वेळेनं हलत नाही हे मान्य, पण अयनांशानं, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या अंशातून जो आकडा वजा करतात त्यानं, हलतो की! चित्रापक्ष म्हणजे लाहिरी अयनांश धरून मिथुनेत 29 अंश. रामन अयनांश त्याहून सुमारे दीड अंश लहान, म्हणजे गुरू कर्केच्या उंबऱ्यावर. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, तिथं फरक 4 अंशांच्या आसपास, म्हणजे कर्क 3. तोच ग्रह, तेच आकाश, तीच रात्र. एकीकडे मिथुनेत मेलेला, दुसरीकडे उच्च राशीत, परमोच्चापासून दोन अंशांवर. चार अंश म्हणजे एका नवांशाहून (3 अंश 20 कला) जास्त, त्यामुळं प्रत्येक ग्रहाचा नवांश हमखास बदलतो.

तांबडा_रस्सा

नाद खुळा! पण एक विचारतो. आमच्याकडं लोकं अंश बघत नाहीत, गुण बघतात. 36 पैकी किती, बास. त्यात अंशांचा काय संबंध?

शुद्ध_निरयन

संबंध आहे, दादा. गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावर होतं आणि नक्षत्र अंशावर ठरतं. अश्विनी मेषेत 13 अंश 20 कलांना संपते. चंद्र 13 अंश 18 कलांवर असेल तर अश्विनी, आद्य नाडी. 13 अंश 22 कलांवर भरणी, मध्य नाडी. मधल्या चार कला चालायला चंद्राला सात-साडेसात मिनिटं लागतात, आणि नाडीचे आठ गुण इकडचे तिकडं होतात. म्हणूनच सीमेवरचा चंद्र दिसला की जाणता जोतिषी वेळेची खात्री करतो. कृत्तिका-रोहिणीच्या सीमेवर मात्र नाडीची चिंता नाही, दोन्ही अंत्य.

गणिती_मास्तर

यात अयनांश विसरू नका. कृष्णमूर्ती पद्धतीचा अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे 6 कलांनी लहान. तुमची सीमा तेवढ्यानंच ओलांडली जाते, वेळ सेकंदाला बरोबर असली तरी. दशेतही तेच: शुक्राच्या नक्षत्रात एक कला म्हणजे साधारण नऊ दिवस. सहा कलांना पावणेदोन महिने. मग 'अमुक तारखेला अंतर्दशा बदलते' हे तारखेसकट कसं सांगतात?

पुरावा_दाखवा

तुम्ही सगळे दशांश चिन्हाच्या उजवीकडं भांडताय. डावीकडं काही आहे का? आपल्या कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर चाचणी घेतली होती. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक जोतिषाला 40 दिल्या आणि मूल कुठल्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश 46 टक्के. नाणं उडवलं तर 50 येतात.

शुद्ध_निरयन

त्या चाचणीत एकच प्रश्न होता, बुद्धीचा. त्यावरून दशा, गोचर, मुहूर्त सगळं निकालात काढणं घाईचं. आणि अंशाला किंमत नाही म्हणता, तर अंबाबाईचा किरणोत्सव बघा. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. रवी दिवसाला एक अंश सरकतो. मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात. एका अंशानं काय फरक पडतो ते गाभाऱ्यात दिसतं.

पुरावा_दाखवा

उदाहरण झकास दिलंत, फक्त ते माझ्या बाजूचं आहे. 10 नोव्हेंबर आणि 1 फेब्रुवारी या तारखा दक्षिणायन संपण्याच्या दिवसापासून दोन्हीकडं साधारण 42 दिवसांवर. दोन्ही वेळा सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं अंतर) दक्षिणेला 17 अंशांच्या आसपास, म्हणून सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या त्याच बिंदूवर, 18 अंश डावीकडं. हे गणित सायन, म्हणजे अयनांश वजा न केलेल्या, रवीचं आहे. निरयन (अयनांश वजा करून काढलेली) संक्रांत 72 वर्षांत एक दिवस पुढं जाते, किरणोत्सव तिच्याबरोबर जात नाही. शिवाय तिथं किरण पोचला नाही तर सगळं गाव बघतं, आणि महाद्वार रोडवरच्या कुठल्या मजल्यानं अडवला ते मोजून काढता येतं. तुमचा मृत गुरू कुणी अडवला ते कसं मोजायचं?

शुद्ध_निरयन

क्रांतीला सायन लागतं हे कुणी नाकारलं नाही. लग्न काढतानाही आधी सायनच काढतात, मग अयनांश वजा करतात. बाकी तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं मोजपट्टी नाही, ग्रंथ आहे.

तांबडा_रस्सा

ते राहू द्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्त्यात अयनांश लिहिलेलाच नसतो. कुठला धरलाय ते कळायचं कसं?

गणिती_मास्तर

रवी बघा. जन्मतारीख 12 जानेवारी असेल आणि रवी धनूत 28च्या आसपास दिसला तर लाहिरी. मकरेत 2च्या आसपास दिसला तर टिळक, त्यांची मकरसंक्रांत 10 जानेवारीलाच होते. दोन्हीकडच्या पत्रिका आल्यावर आधी दोघांच्या तक्त्यात एकच अयनांश आहे का ते तपासा. मुलाची लाहिरीनं आणि मुलीची टिळकांनुसार असेल तर त्या गुणांची बेरीज करूच नका.